पडद्यावरची बाई

“थांबा! पाऊल टाकू नका!”

मनकर्णा जागच्या जागी थबकली. काखेत मांजरपाटाची घडी, एक पाय धर्मशाळेच्या उंबऱ्याबाहेर, दुसरा आत उचललेला — पण अजून जमिनीला न टेकलेला. बाहेर श्रावणातली भुरभुर चालू होती. आत अंधार होता, आणि अंधारातून आलेला आवाज अनोळखी होता.

“काहून? साप हाय का?”

“न्हाई...” आवाज घुटमळला. “उजेड हाय.”

“उजेड?”

“तुमच्या मागून येऊन राहिला. जरा तशाच उभ्या ऱ्हा ना... एवढं एक मिन्टं.”

एखाद्या शहाण्या मुलीनं अशा वेळी पाऊल मागं घेतलं असतं आणि घर गाठलं असतं. मनकर्णा शहाणी होती. पण तिचं कुतूहल तिच्या शहाणपणाला नेहमी मागं टाकायचं. ती तशीच एका पायावर उभी राहिली. डोळे अंधाराला सरावले तेव्हा दिसलं — जमिनीवर भलंमोठं ओलं कापड पसरलेलं, आणि पलीकडच्या टोकाला उकिडवा बसलेला एक तरुण. कोपरापर्यंत हात खडू आणि सरसानं माखलेले, कपाळावर पांढरा फराटा. आणि नजर... बाजारातले पुरुष बघतात तशी नव्हती ती. पाऊस थांबलाय का, हे बघायला माणूस आभाळाकडं बघतो ना, तशी होती.

“झालं का तुमचं मिन्टं?” तिनं विचारलं. “माझा पाय भरून आला.”

तो दचकला. कानापर्यंत लाल झाला. “टेका, टेका! म्हंजे... इथं नको, कापड ओलं हाय. भिंतीकडनं या.”

“मंग आधी कापडाचं सांगायचं सोडून उजेडाचं काय सांगत बसले?”

“आधी उजेडच दिसला,” तो म्हणाला.

कापडाची घडी त्याच्यापुढं टाकून मनकर्णा वळली ती थेट घरी आली. त्या दिवशी बापाच्या दुकानात चोळीचा खण मागणाऱ्या एका गिऱ्हाइकाला तिनं धोतराचं पान फाडून दिलं.

ते सेहेचाळीस साल होतं. मुंबई-पुण्याकडं आता स्वराज्य येणार म्हणून लोक बोलत होते. इकडं मात्र निजामाचं राज्य, आणि चार माणसं एका जागी जमली तरी पोलीस नाक्यावरच्या अमीनसाहेबांच्या भुवया चढायच्या. तरी गोरेगावच्या मंडळींनी धडपड करून गणपतीत नाटक करायची इजाजत मिळवली होती. जुना पडदा उंदरांनी खाल्लेला. म्हणून नवा पडदा रंगवायला नांदेडच्या एका नाटक मंडळीतला रामकिशन बोलावला. पोरगा मूळचा वारंग्याकडचा, कुणब्याच्या घरचा. पण लहानपणी एकदा रंगाच्या डब्यात हात घातला तो काही बाहेर काढला नाही.

पडद्याचं कापड सोनाजीच्या दुकानातून गेलं होतं, आणि सोनाजीची मुलगी गावात सगळ्यात सुबक टाका घालायची. म्हणून पडद्याचे पट्टे जोडायचं, काठ दुमडायचं, वर बांबू ओवायला नेफा शिवायचं काम मनकर्णाकडं आलं. तिची आई कधीच गेली होती. शेजारची आशाकाकी सोबतीला म्हणून धर्मशाळेत येऊन बसायची. ती सुपात मूग निवडायची, मूग निवडता निवडता तिची मान पुढं कलायची, आणि मग धर्मशाळेत पावसाच्या आवाजाशिवाय काही उरायचं नाही.

एका टोकाला ती शिवायची. दुसऱ्या टोकाला तो रंगवायचा. मधे सगळा पडदा पसरलेला, आणि त्याचा मधला भाग एका जुन्या चादरीनं झाकलेला.

“ओ बाई... जरा हळू.”

“मी काय केलं?”

“तुमी तिकडं दोरा ओढला की इकडं माझी रेघ हालते.”

“मंग तुमी रेघ घट्ट धरा.”

“रेघ घट्टच हाय,” तो मान वर न करता म्हणाला. “हात हालतो.”

मनकर्णानं ओठ दाबून हसू आवरलं, आणि पुढचा दोरा मुद्दाम जरा जोरात ओढला.

“चादरीखाली काय हाय?” ती रोज विचारायची.

“दार.”

“नुसतं दार? गावानं एवढं कापड दिलं ते दार काढाया? गणपती न्हाई, सरस्वती न्हाई?”

“दारात कोणीतरी हाय.”

“कोण?”

“ते मलाच अजून नीट समजलं न्हाई,” तो म्हणायचा. गेरूचा ओला वास यायचा, कौलांवरून पागोळ्या गळायच्या, आणि सुई एकाच जागी दोनदा टोचली जायची.

एक दिवस ती कामाला येत होती. धर्मशाळेच्या दारात रामकिशन कुंचले धूत बसला होता. समोरून कळशी घेतलेली एक म्हातारी आली, मनकर्णाला पाहिलं, आणि चटकन रस्त्याच्या कडेला सरून पाठ करून उभी राहिली. मनकर्णा जाईपर्यंत तशीच.

“त्यांना काय झालं?” त्यानं विचारलं.

“काही न्हाई. मी पांढऱ्या पायाची हाय,” मनकर्णा हसत म्हणाली. किती वेळा म्हटलेलं वाक्य होतं ते! हसूसुद्धा त्याला सवयीनं जोडलेलं. “माझं लगीन ठरलं होतं. टिळा झाला, आणि नवऱ्या पोराला पटकी झाली. दोन दिवसांत गेला. मी त्याला पाह्यलं बी नव्हतं. पण पाय माझा ना... तवापासून बाया शुभकामाला निघाल्या की मी घरातच थांबते. त्यांना तकलीफ नको.”

रामकिशनच्या हातातला कुंचला धुऊन झाला होता तरी तो धूतच राहिला. मग त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं — चिखलानं भरलेले, बोटांत जोडवी नसलेले साधे पाय — आणि धर्मशाळेत गेला. त्या दिवसापासून त्यानं चादरीखालचं काम तिच्यासमोर करणंच बंद केलं. मनकर्णाला वाटलं, झालं. यानंही वाट सोडली.

त्याच आठवड्यात पुसेगावहून निरोप आला. ग्यानबा नावाचे मोठे शेतकरी. धाकट्या मुलासाठी मुलगी पाहायला येतो म्हणाले. सोनाजीला आनंद कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं. पाच वर्षांत कुणी उंबऱ्याशी आलं नव्हतं. “महालक्ष्म्यांच्या दिशी येऊन राहिले ते,” तो म्हणाला. “मनू, नीट वाग. तोंड जरा कमी चालव.”

मनकर्णानं मान हलवली. धर्मशाळेत जाऊन शेवटचा काठ शिवला, दोरा दातानं तोडला, आणि पलीकडं न बघता म्हणाली, “माझं काम झालं. पुसेगावचे पाव्हणे येऊन राहिले मला पाहाया.”

कुंचला थांबला. “कवा?”

“लक्ष्म्या येतात त्या दिशी.”

“पडदा बी त्याच दिशी लागणार,” तो म्हणाला. “तुमी... याल ना पाहाया?”

“मला शुभकामात कोणी बोलवत न्हाई.”

“मी बोलावतो ना.”

तिनं वर पाहिलं. तो तिच्याकडं बघत होता, आणि या वेळी तिच्या मागच्या उजेडाकडं नाही.

गणपती बसले, पण पावसामुळं रंगानं वाळायलाच वेळ घेतला. शेवटी महालक्ष्म्या यायच्या दिवशी दुपारी ऊन पडलं आणि मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात पडदा चढला. घराघरांतल्या बाया हळदीकुंकवाची ताटं तयार करून बसल्या होत्या. लक्ष्म्या आत घ्यायच्या मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून त्याही ताटं घेऊनच निघाल्या. लमाणांच्या तांड्यावरची पारुबाई आली. सोनाजीकडं पोहे खाऊन, मुलगी पाहून ढेकर दिलेले ग्यानबाही “चला, बघू तर खरं” म्हणत आले. सोनाजी त्यांच्या पुढं पुढं. आणि मागून, आशाकाकीच्या आड, मनकर्णा.

रामकिशननं दोरी सोडली. पडदा उलगडला.

पुढची माणसं दोन पावलं मागं सरली. मागची पुढं घुसली.

पडद्यावर एक दार होतं. नुसती चौकट, आजूबाजूला भिंत नाही. चौकटीत एक बाई — एक पाय अलीकडं, एक पलीकडं. हातात निरंजन, ज्योत तिरपी. एका अंगाला पिवळंधमक ऊन, दुसऱ्या अंगाला भरून आलेलं निळंकाळं आभाळ. पण घर कुठल्या अंगाला आणि रान कुठल्या, ते काही केल्या कळेना. चेहरा अर्धा वळलेला. आणि उचललेलं पाऊल तळव्यापासून घोट्यापर्यंत लालभडक, कुंकवात बुडवल्यासारखं.

मनकर्णानं पाहिलं, आणि ओळखलं. ते पाऊल तिचं होतं. ती उभी राहण्याची तऱ्हा तिची होती. आणि ज्या पायाला गाव पांढरा म्हणायचं, तो त्यानं लाल रंगवला होता...

“पोरगी पळून चालली!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि मग बांधच फुटला.

“पळून कशी? हातात निरंजन हाय. पळणारी बाई निरंजन घेऊन पळती का?”

“ज्योत बघा ना, ज्योत! मागं वळली. म्हंजे बाई पुढं जाऊन राहिली.”

“अरं वारा भाईरून आत येतो, म्हणून वळली!”

“पाय लाल काहून? खून करून आली का काय?”

“तुमच्या जिभेला हाड न्हाई. सासुरवाशीण हाय ती. माहेरी चालली, मागं वळून बघून राहिली,” एक नवी सून म्हणाली आणि तिचे डोळे भरलेसुद्धा.

“माहेरी न्हाई, सासरी,” तिची सासू म्हणाली.

पारुबाई कमरेवर हात ठेवून हसली. “हिला घरच न्हाई ग बायांनो. दार तेवढं हाय. आमच्या आजीवानी दिसती... बैलांच्या मागं चालत राहायची ती, दिसभर.”

जो तो आपापला दाखला देऊन भांडत होता. आणि तेवढ्यात गर्दी दुभंगली. छत्री मिटत अमीनसाहेब आले. धिप्पाड माणूस, पान खाल्लेलं तोंड, मागं दोन जवान. ते पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ पाहिलं.

“तसवीर अच्छी है,” ते म्हणाले. “मगर मतलब क्या है?”

मंडळीतले दोघे-तिघे रामकिशनकडं बघू लागले.

“चितारी कौन? तू? बोल रे. ये औरत अंदर आरी के बाहर जारी?”

रामकिशन पुढं झाला. “साहेब, मी दार काढलं. आत का भाईर, ते पाहणाऱ्यानं ठरवावं.”

“अच्छा! ऐसा है!” अमीनसाहेबांनी मान डोलावली. “तो पाहणारा मैं हूं. काले बादल इधर, उजाला उधर. और औरत घर छोड के जारी. किसका घर है ये? हुजूर निजाम का? उजाला किधर है — दिल्ली में? मैं क्या समझता नहीं? ठहराया मैंने — बाहर जारी. उतारो पडदा. और इसको लेके चलो.”

जवानांनी रामकिशनचा दंड धरला. मंडळीच्या तोंडचं पाणी पळालं. नाटक गेलं, इजाजत गेली, पोरगा गेला! त्यात ग्यानबांनी डोळे बारीक केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “सोनाजीराव... ही बाई तर तुमची पोरगी हाय. आत्ता पोहे दिले ना तिनं आम्हाला? तीच!”

सोनाजीचा चेहरा राखेसारखा झाला. सगळ्या माना मनकर्णाकडं वळल्या.

आता जमीन पोटात घेईल तर बरं, असं वाटायची ती वेळ. पण मनकर्णाला वेगळंच वाटत होतं. तिला त्या दंडावरचा जवानाचा हात दिसत होता, आणि रामकिशन — तो घाबरलेला नव्हताच. तो तिच्याकडं बघत होता. जणू सगळ्या गावात त्याला एकाच पाहणाऱ्याचं मत हवं होतं.

ती आशाकाकीच्या मागून निघाली. लोक बाजूला सरले. या खेपेला तिचा पाय टाळायला नव्हे, ती काय करते ते बघायला. पडद्याजवळ जाऊन तिनं गर्दीकडं तोंड केलं. तिनं आवाज काढला, लक्ष्म्यांच्या दिवशी दारात उभी राहून घरची थोरली बाई काढते तसा —

“कोण आलं?”

आशाकाकीच्या तोंडून, विचार करायच्या आधीच, सवयीनं निघालं — “लक्ष्मी आली!”

“कशाच्या पावलानं आली?”

“सोन्याच्या पावलानं आली!” आता पाच-सहा बाया म्हणाल्या.

“कोण आलं?”

“लक्ष्मी आली!” सगळा मांडव उठला.

“कशाच्या पावलानं?”

“सोन्याच्या पावलानं!”

त्या आवाजानं देवळाच्या कळसावरचे पारवे उडाले. आशाकाकी तर इतकी भारावली, की ताटातली मूठभर हळद आणि मूठभर कुंकू घेऊन धावली आणि पडद्यावरच्या पावलावर उधळून मोकळी झाली. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं तिसरी. माहेरी-सासरी म्हणून भांडणाऱ्या सासू-सुना एकाच ताटातलं कुंकू वाहू लागल्या. कुणाच्या तरी हातचं हळदीचं बोट मनकर्णाच्याही कपाळाला लागलं; कुणाचं ते तिला कळलं नाही. वाट सोडून पाठ करणारी ती म्हातारीही “सोन्याच्या पावलानं” म्हणून ओरडत होती, आणि कुणाचं पाऊल ते आपण म्हणतोय, हे तिच्या ध्यानात यायला फार उशीर झाला होता.

मनकर्णा वळली. “साहेब, बाई आत येऊन राहिली. आज आमच्या घराघरांत येते. काळ्या ढगांतून येते, पाऊस घेऊन. तिला तुमी नाक्यावर न्याल का?”

अमीनसाहेबांनी आधी पडद्याकडं पाहिलं, मग हळदीकुंकवानं माखलेल्या त्या पन्नास बायांकडं. मिशीच्या टोकावर हसू आलं ते त्यांनी पानाबरोबर गिळलं.

“अरे, तो पहले बोलना था ना, लक्ष्मी है करके! छोडो इसको.” मग रामकिशनच्या जवळून जाताना ते हलकेच म्हणाले, “तू बराबर बोला बेटा. देखनेवालों ने ठहरा दिया.”

ग्यानबा मात्र जागेवरच होते. “लक्ष्मी असंल,” ते म्हणाले. “पण तोंड तुमच्या लेकीचं हाय. आन् तिच्या पायाचं बी आत्ताच आमच्या कानावर आलं. आम्हाला पांढरा बी नको, लाल बी नको. रामराम.” त्यांची बैलगाडी जुंपली गेली. सोनाजी हात जोडून गाडीच्या मागं थोडा चालला, आणि मग रस्त्यातच उभा राहिला.

सांज होत आली. बाया आपापल्या घरच्या लक्ष्म्या आत घ्यायला गेल्या. मांडव रिकामा झाला. मनकर्णा पडद्याच्या मागच्या अंगाला, जिथं तिनं स्वतः शिवलेल्या शिवणी दिसत होत्या तिथं, उभी होती. पुढच्या अंगाला पावलं वाजली आणि थांबली.

“रागावल्या का?” पडद्यापलीकडून आवाज आला.

“मला विचारायचं होतं काढायच्या आधी.”

“विचारणार होतो... रोज. तुमी दोरा ओढायच्या, आन् मी विसरायचो.”

ती हसली, मग हसू विरलं. “पाय लाल काहून केला?”

“त्या म्हातारीनं वाट सोडली ना, त्या दिशी मला लई राग आला. भांडता येईना. मला बोलता येत न्हाई तुमच्यावानी. मंग मी... जे मला दिसलं ते काढलं. त्या पायानं पहिल्या दिशी माझ्या अंधारात उजेड आणला. तो पांढरा कसा असंल?”

पडदा वाऱ्यानं हलला.

“मंग खरं सांगा. मी गावाला सांगितलं आत येऊन राहिली. तुमच्या मनात काय होतं? आत... का भाईर?”

“माझ्या मनात तसलं काही नव्हतंच.” आवाज अगदी जवळ आला, कापडाच्या एका पदराइतका जवळ. “मला वाटत होतं, ती जिकडं पाऊल टाकंल... तिकडं मी असावं.”

तिनं कापडावर तळवा टेकवला. पलीकडून त्याच जागी उबदार काहीतरी टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाजी उठला तो कुणाशी न बोलता मांडवात गेला. मनकर्णा घाबरून त्याच्यामागं निघाली. तो पडद्यासमोर उभा राहिला, हात मागं बांधून. रामकिशन रंगांचे डबे पेटीत भरत होता. तो उठून उभा राहिला.

“एक सांग रं,” सोनाजी म्हणाला. “आत का भाईर?”

“तुमाला काय दिसतं, काका?”

मनकर्णाला वाटलं, आता बाप तडकणार. पण सोनाजी बघतच राहिला. मग म्हणाला —

“मला माझी पोर दिसती. पाच वर्सं मी तिच्या पायाकडं पाह्यलं न्हाई. लोक पाहायचे, म्हणून मी मान फिरवायचो. पाय एवढा देखणा हाय, हे मला दुसऱ्याच्या पोरानं दाखवावं लागलं.” त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि मग एकदम दरडावून म्हणाला, “पण सोयरीक मोडली तुझ्यापायी! आता काय करायचं मी?”

रामकिशननं हातातला डबा खाली ठेवला. “मला द्या.”

“काय देऊ?”

“तुमची... मनकर्णा. मला द्या. वारंग्याजवळ आई हाय, थोडी जमीन हाय, भाऊ कसतो. नांदेडला माझं काम हाय. माझं घर लहान हाय, पण तिच्यापायी कोणी वाट सोडणार न्हाई. म्हंजे... मी तर न्हाईच सोडणार.”

“लोक हिच्याबद्दल काय बोलतात, ठाव हाय ना?”

“काल समदं गाव काय बोललं, ते ऐकलं मी.”

सोनाजीनं वळून मनकर्णाकडं पाहिलं. गेल्या वेळी टिळ्याचा नारळ फुटला तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. पुसेगावच्या वेळीही नाही. “मनू,” तो म्हणाला, “तुझं काय मत?”

“मला विचारून राहिले, बाबा?”

“तुलाच की. दुसरं कोण हाय इथं?”

किती तरी गोष्टी एकदम तिच्या ओठांवर आल्या. पण बाप तोंड जरा कमी चालव म्हणाला होता, म्हणून ती नुसती म्हणाली, “व्हय.” आणि मग, न राहवून, “व्हय, व्हय, व्हय!”

सोनाजी हसायला लागला. किती दिवसांनी हसत होता!

रामकिशन त्याच दुपारी आईला आणायला निघाला. बाजाराचा दिवस होता. कापडाचे, मिरच्यांचे, गुळाचे ठेले लागलेले, माणसांची ही गर्दी. कळमनुरीकडं जाणारी एक गाडी त्याला मिळाली. तो मागच्या बाजूला पाय सोडून बसला. मनकर्णा बापाच्या दुकानात उभी होती. तिला वाटलं, तो आता दिसेनासा होईल. आणि ती दुकानातून पायऱ्या उतरून थेट रस्त्यावर धावली.

“ओ! थांबा!”

गाडीवानानं कासरा ओढला. बाजार वळून बघू लागला.

“काय झालं?” तो खाली उडी मारायला निघाला.

“काही न्हाई. बसून ऱ्हा. मला एक काम करायचं हाय, ते आत्ताच करून घेते.” ती धापा टाकत होती, केस सुटले होते, गालावर ऊन होतं. “लगीन झालं की तुमचं नाव घेता यायचं न्हाई मला. जनमभर ‘अहो’ आन् ‘ऐकलं का’ म्हणावं लागंल. म्हणून एकदा घेऊन घेते.”

“इथं? समद्या बाजारात?” तो कानापर्यंत लाल झाला.

“मंग कुठं?” ती म्हणाली. आणि मिरचीवाले, गूळवाले, तांड्यावरच्या बाया, मिशी पिळत उभे राहिलेले अमीनसाहेब, दुकानाच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसलेला बाप — सगळ्यांच्या देखत, दोन्ही हात तोंडाशी धरून, तिनं जोरात हाक मारली —

“रामकिशन!”

गाडी पुढं निघाली तरी तो मागंच बघत होता. ती हसत होती. आणि गाडी वळणावर गेली तेव्हा तिनं पुन्हा एकदा तीच हाक मारली.